लसावि मावशी

आमच्या मावशीला माणसं दिसायची नाहीत, टाके दिसायचे. रस्त्याने समोरून एखादा आडदांड माणूस आला की ती स्वतःशीच "एकशेतीस" म्हणायची, आणि कोणी किडकिडीत मुलगी शेजारून गेली की "ऐंशी, फार तर." कोणाकडे भेटायला गेलो तर यजमानाच्या पाठीकडे ती अशी टक लावून बघायची की माझ्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आईने एकदा तिला त्यावरून झापलं, तर म्हणते कशी, मी माणसाकडे कुठे बघते, मी रुंदी बघते. पाठ किती इंच आणि इंचाला पाच टाके, एवढाच काय तो हिचा जगाशी संबंध, असं आई चिडून म्हणायची. ते खरं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या बाबतीत तर मुळीच नव्हतं.

मावशी लोकरीच्या दुकानात कामाला होती. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट होती ती. कोणीतरी वर छप्पर टाकून पुढे दार बसवलं होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंगवार लावलेले लोकरीचे गुंडे, आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. मालकीण दाराशी बसायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. मावशी मागे, शिडीशेजारच्या स्टुलावर. गोड बोलणं तिच्या खात्यात नव्हतं. बायका अर्धा अर्धा तास रंग निवडायच्या, आणि निवडून झाला की मालकीण मागे हात करून म्हणायची, टाके किती घालायचे ते त्यांना विचारा.

विणकामातली सगळी मेख पहिल्या ओळीत असते. सुईवर सुरुवातीला जेवढे टाके घालाल तेवढ्यांवरच पुढचा स्वेटर उभा राहतो, आणि चूक झाली असेल तर ती कळते वीतभर विणून झाल्यावर. प्रत्येक नक्षीचे टाके ठरलेले असतात. पानाच्या नक्षीला बारा लागतात. बारा टाक्यांत एक पान पुरं होतं, पुढच्या बारांत दुसरं. पिळाच्या साखळीला आठ. नुसती पानं हवी असतील तर बाराने भाग जाईल असा कुठलाही आकडा चालतो. पण बायकांचं एका नक्षीवर समाधान होईल तर शपथ. त्यांना खाली पानांचा पट्टा हवा, त्याच्यावर साखळीचा, त्याच्यावर पुन्हा पानांचा. टाके मात्र तेच, खालून वर जाणारे. म्हणजे आकडा असा हवा की त्याला बारानेही पूर्ण भाग गेला पाहिजे आणि आठनेही. मावशी म्हणायची, बाराचा पाढा म्हणत जा आणि आठच्या पाढ्यातलं कोणी भेटलं की थांब. बाराला कोणी भेटत नाही. चोवीसला भेटतं. एकदा चोवीस हाती लागला की मग पुढे चोवीसचाच पाढा: अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव, एकशेवीस. शिवणीसाठी कडेला दोन टाके जास्तीचे घालायचे, ते हिशेबात धरायचे नाहीत. मधले आकडे नाहीतच असं समजायचं.

आणि समजलं नाही तर? तर बाकी उरते. पाठीवर सगळी पानं नीट बसतात आणि शेवटचं अर्धंच राहतं, काखेखाली शिवणीत चिणलेलं. मावशीला ते अर्धं पान डोळ्यांसमोर धरवत नसे. बाकी कुठे जात नाही, कडेला जाऊन बसते आणि जन्मभर दिसते, असं ती म्हणायची. खरं तर बाकी लपवायची सोपी युक्ती आहे. उरलेले टाके दोन्ही कडांना वाटून साधे विणून टाकायचे, नक्षी मधोमध ठेवायची. कोणी फारच अजिजी केली तर मावशी ही युक्ती सांगायची, पण ज्या सुरात आपण पाहुण्याला मोरी कुठे आहे ते सांगतो त्या सुरात. स्वतःच्या विणकामात तिने ती कधी वापरली नाही.

तिला ते नाव पडलं एका शिक्षिकेमुळे. ही बाई तीन नक्ष्यांचा बेत घेऊन आली होती, सहाची, आठची आणि नऊची, आणि मावशीने पापणी लवायच्या आत बहात्तर सांगितले. अहो, तुम्ही तर लसावि काढलात, असं बाई कौतुकाने म्हणाल्या. मावशीला राग आला. लघुतम सामाईक विभाज्य हे सगळं नाव तिने एका दमात म्हणून दाखवलं, शाळेत असताना तोच एक धडा आवडला होता हेही सांगितलं, आणि वर, आवडत्या माणसाला असं टोपणनावाने हाक मारू नये म्हणाली. मालकिणीला हसू आवरेना. त्या दिवसापासून ती लसावि मावशी झाली, आणि पुढे गिऱ्हाइकंही दारातूनच विचारायला लागली, लसावि मावशी आहेत का.

तिची एक खोड सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. टाक्यांचा प्रश्न कानावर पडला की तिच्याकडून उत्तर गेलंच पाहिजे. तिथे तिचा ताबा नसे. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे ती तोंड उघडं टाकून पडलेली, आणि तिथली नर्स दुसरीला विचारत होती, टोपीला किती टाके घालू गं. मावशीने तशाच अवस्थेत हात वर करून बोटांनी आकडा दाखवला. डॉक्टर दचकले, त्यांना वाटलं दुखलं.

मावशी आणि मामा एकत्र राहायचे, आमच्या घरासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी, आणि बसायच्या खोलीत एकच आरामखुर्ची, तिच्यावरून भांडण. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते विचारलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. मामा एका शीतगृहात कामाला होता. मी लहानपणी एकदा आईबरोबर त्याचा डबा द्यायला तिथे गेले होते. हातभर जाडीचं दार, ते उघडलं की पायाशी पांढरा धूर लोळत यायचा, आणि आत मटारच्या नि मक्याच्या गोठवलेल्या खोक्यांच्या थप्प्या. मामा त्या धुरातून बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ होतं आणि खांद्यावर चार खोकी. एवढा अवाढव्य होता तो. कामावर त्याला सगळे कपाट म्हणायचे. कपाटाला बोलाव, कपाट जेवायला गेलंय. मावशी तेवढी त्याला छोट्या म्हणायची, कारण तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि ती ते विसरायला तयार नव्हती.

आता गंमत बघा. सगळ्या गावाच्या अंगावर मावशीच्या हिशेबाचे स्वेटर, आणि घरातल्या माणसाच्या अंगावर एक नाही. मामाला थंडीच वाजायची नाही. शीतगृहातून घरी आला की शर्टाची बटणं सोडून पंख्याखाली बसायचा. मावशी दर हिवाळ्यात विचारायची, एक करू का रे, बिनबाह्यांचा तरी? तो म्हणायचा, मी काय आजारी आहे? अशी किती वर्षं गेली. तिला ते लागायचं. माझ्यासाठी, आईसाठी, मालकिणीच्या कुत्र्यासाठीसुद्धा ती विणायची, पण तिच्या मनातली ती एवढी मोठी पाठ रिकामीच होती.

मग एका संध्याकाळी मामा कामावरून आला, पंखा बंद केला आणि म्हणाला, "ताई, थंडी वाजते गं हल्ली. तो स्वेटर करणार होतीस ना?"

मी तिथेच होते. मावशीचं तोंड असं उजळलं की काय सांगू. तिने ताबडतोब टेप काढला, त्याला उभं केलं, त्याच्याभोवती फिरताना तिला हसू फुटत होतं. मामा म्हणाला, साधासुधा नको हं, पानंही हवीत आणि साखळीही हवी, एकदा होतोय तर तुझ्या लसाविचा होऊ दे. हे तो तिच्यासाठी म्हणाला, हे मलाही कळलं. त्याला पान आणि साखळी यांतला फरक कळत नव्हता. एकशेवीस टाके, मावशी म्हणाली, दहा पानं, पंधरा साखळ्या, जणू तुझ्यासाठीच आकडा बनवलाय. दुसऱ्या दिवशी तिने निळसर करडी लोकर आणली आणि आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवली.  ते थंडी वाजणं म्हणजे त्याच्या दुखण्याचं पहिलं लक्षण होतं, आणि त्या दिवशी आम्ही चहाबरोबर केक कापला होता.

स्वेटर विणून होईपर्यंत बाकीची लक्षणंही आली. जेवण पोटात ठरेना. खोकी उचलताना दम लागायला लागला तेव्हा शीतगृहाच्या साहेबांनी त्याला फाटकावर बसवलं, आणि तिथेही तो कुडकुडायला लागला तेव्हा घरी पाठवलं. डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं. त्यांनी आणखीही सांगितलं, पण ते आईला सांगितलं, बाहेर, जिन्यात. आईने ते मावशीला सांगितलं. मामाला कोणी सांगितलं नाही. आणि त्याने कोणाला विचारलं नाही, यावरून त्याला माहीत असावं.

एकशेवीसचा स्वेटर पुरा झाला आणि मामाने घातला. खांदे दंडावर उतरले. पोटाशी कापडाची झोळी झाली. पानं सगळी पुरी होती, साखळ्या सगळ्या पुऱ्या होत्या, बाकी शून्य, फक्त आतला माणूस कमी पडत होता. मामा आरशात बघून म्हणाला, कपाटाचं स्टूल झालं की. मावशी हसली नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत होती.

त्याला थंडी तर वाजतच होती. भर दुपारी, खिडक्या बंद करून, तो चादरी लपेटून बसायचा, आणि स्वेटरच्या ढगळपणातून वारा आत शिरायचा. मावशीने बारीक सुया घेऊन तेवढेच टाके घालून पाहिले, म्हणजे रुंदी कमी होईल. तर वीण पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. शहाण्णवचा केला असता तर तो घट्ट झाला असता, इतका काही मामा वाळला नव्हता. एकशेआठ घेतले तर नऊ पानं बसतात, साखळी मात्र अर्धी उरते. एकशेचारात तेरा साखळ्या होतात आणि पानांचे आठ टाके लोंबत राहतात. मी म्हटलं, मावशी, दे ना कडेला साधे टाके, कोण बघतंय? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला मामाला अर्धं जेवण वाढ म्हणून सांगितलं होतं. त्याने दोन्ही नक्ष्या मागितल्यात, ती म्हणाली, पुऱ्या मागितल्यात. हट्टाला पेटलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून मी तिथेच हात टेकले.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. मावशी स्वयंपाकघरात, मी गॅलरीत कपडे काढत होते. मामाला गरम पाण्याची पिशवी हवी होती. ती मावशीच्या कपाटात खालच्या खणात असायची. मी आत आले तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक स्वेटर होता. तीच करडी लोकर, तीच पानं, तीच साखळी. पाठ आणि पुढची बाजू विणून झालेली, बाह्या राहिलेल्या. त्याने तो उचलून छातीशी धरला. दोन्हीकडून बोट बोट कमी पडत होता.

मावशी हात पुसत दारात आली आणि तिथेच थांबली.

"हा शहाण्णवचा ना?" मामाने विचारलं. त्याचा आवाज अगदी रोजचा होता.

"हो."

"आणि ह्याच्या खालचा?"

"बहात्तर," मावशी म्हणाली.

तिने विचार केला नव्हता. टाक्यांचा प्रश्न आला होता आणि उत्तर गेलं होतं. ते तोंडातून बाहेर पडल्यावर तिने ओठांवर हात ठेवला, पण आता काय उपयोग. बहात्तर टाके म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं माप. दुकानात ते मी शंभरदा ऐकलं होतं, आणि मामाने घरात हजारदा.  मामाने स्वेटरची नीट घडी घातली, खणात ठेवली, खण आवाज न करता लोटला. मग खाटेचा आधार घेऊन उठला.

"ताई," तो म्हणाला, "नक्षी माझ्या मापात बसव. मला नक्षीच्या मापात नको बसवूस."

आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी मावशीला तेव्हा फार बोलले. हे करायचं होतंच तर निदान माझ्या घरी ठेवायचं होतं, माणसाच्या उशाशी त्याचं उद्याचं माप करून ठेवतात का, असं काय काय. ती भांडी घासायच्या सिंकशी उभी होती, नळ सोडलेला, आणि पाण्याच्या आवाजात रडत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की स्वेटर विणायला वेळ लागतो. पहिल्या वेळी ती मागे पडली; स्वेटर तयार झाला तोवर छोट्या पुढे निघून गेला होता. आता पुन्हा मागे पडायचं नव्हतं. तो शहाण्णववर येईल त्या दिवशी शहाण्णवचा तयार हवा, त्याला एक दिवससुद्धा थंडी वाजायला नको. हे तिने मला इतक्या सरळपणे सांगितलं की माझा राग बसला आणि मी पुढे होऊन नळ बंद केला. तिने त्याच्या मरणाची तयारी केली नव्हती. तिने फक्त पाढा उलटा म्हणून ठेवला होता.

त्यानंतर दोघं बोलायची, पण औषधापुरती. मामा तो ढगळ स्वेटर घालून वर दोन चादरी घ्यायचा. शहाण्णवचा मावशीने खणातून कुठे नेला याची तिने ताकास तूर लागू दिली नाही. ती दुकानात जायची, स्टुलावर बसायची, आकडे सांगायची.

पुढचं मला मालकिणीने सांगितलं. दुकानात एक गरोदर बाई आली. पहिलंच बाळ, हौस दांडगी. तिचं म्हणणं, बाळ केवढं होईल हे आत्ता कुणाला ठाऊक, तर कसंही झालं तरी अंगाला बसेल असं काहीतरी सांगा. मावशी नेहमीसारखी तुटकपणे म्हणाली, मग नक्षीच्या नादी लागू नका, दोन सुलट दोन उलट करा, चार टाक्यांची वीण, बाळ भरेल तशी ताणेल आणि नाही भरलं तर मिटून बसेल. एवढं बोलली आणि गप्प झाली. बाई विचारत राहिली, टाके किती, टाके किती, आणि मावशी शिडीकडे बघत बसली. मालकिणीला वाटलं हिला चक्कर आली. मग मावशी उठली, पिशवी घेतली आणि भर दुपारी घरी निघून गेली. बाईला टाके मालकिणीनेच अंदाजाने सांगितले.

दोन सुलट, दोन उलट. विणकाम शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. स्वेटरच्या खालची बॉर्डर, मनगटाशी बाहीचा शेवट, गळा, एवढंच त्याचं काम; मावशी त्याला विणकाम म्हणायलाही तयार नसायची. तिनेच मला नंतर सांगितलं, मांडीवरच्या रुमालावर बोटाने आकडे काढत. मी जन्मभर लसावि काढत बसले, दोघांना सामावून घेईल असा मोठा आकडा शोधत. त्याच धड्याच्या पहिल्या पानावर मसावि होता. बाराला कोण भागतं आणि आठलाही कोण भागतं, त्यांतला सगळ्यात मोठा कोण? चार. पानाच्याही पोटात चार, साखळीच्याही पोटात चार. आणि चाराला शंभर चालतात, एकशेचार चालतात, एकशेआठ चालतात. जे आकडे मी नाहीतच म्हणत होते ते सगळे चालतात. हे तिने सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात शोध लागल्याचा आनंद नव्हता. वेळ गेल्याची चुटपूट होती.

घरी आल्यावर तिने टेप काढला आणि मामाच्या खाटेशी उभी राहिली. मामाने तिच्याकडे बघितलं, मग टेपकडे. थोड्या वेळाने त्याने हात वर केले.

"एकशेचार," मावशी म्हणाली. "पानं नाहीत. साखळी नाही. बॉर्डर आहे नुसती."

"सगळा स्वेटरच बॉर्डर?"

"सगळा."

"मग चांगलंय," मामा म्हणाला. "मला एवढंच ओळखता येतं."

त्या दोघांचं भांडण तिथे मिटलं. नवीन लोकर आणायला मावशी तयार नव्हती. तिने दोन्ही स्वेटर उसवले. आधी शहाण्णवचा, माझ्याकडे न बघता. मग एकशेवीसचा, मामाच्या अंगावरून काढून. मी समोर दोन्ही हात पसरून बसले होते आणि ती माझ्या हातांभोवती लोकर गुंडाळत होती. एकेक पान सुटत होतं, टपटप. उसवलेली लोकर वेडीवाकडी होते, तिला जुन्या टाक्यांची सवय लागलेली असते. मावशीने तिच्या लडी कोमट पाण्यात बुडवल्या आणि खाली वरवंट्याएवढी वजनं बांधून गॅलरीत टांगल्या. त्या सरळ झाल्यावर तिने मामाच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि टाके घातले. मामा पडल्या पडल्या म्हणत राहायचा, सुलट सुलट, उलट उलट, आणि मधेच मुद्दाम चुकीचं म्हणून तिला चुकवायला बघायचा. ती चुकायची नाही. इतक्या भराभर विणताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

हा स्वेटर त्याला बसला. पहिल्या दिवशी त्याच्या छातीवर तो असा ताणला गेला की उभ्या रेघांमधल्या उलट टाक्यांच्या खाचा स्पष्ट मोकळ्या दिसत होत्या. मामाने दोन्ही हातांनी स्वतःला चाचपून पाहिलं आणि अंगावरची वरची चादर बाजूला केली. ऊब येते गं, तो म्हणाला. मावशी स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे जे व्हायचं होतं ते होत गेलं, पण स्वेटर कधी ढगळ झाला नाही. मामा आत सरकत होता आणि वीण त्याच्यामागोमाग आत सरकत होती. खाचा हळूहळू मिटायला लागल्या. शीतगृहातले दोघंतिघं भेटायला आले तेव्हा म्हणाले, अरे, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कपाट बरंच चांगलं दिसतंय. अंगात नीट बसलेला कपडा माणसाला असा सावरून धरतो. स्वेटर धडधडीत खोटं बोलत होता, आणि आम्ही तिघं त्याच्या बाजूने होतो. मावशी रोज सकाळी त्याची कड खाली ओढायची, बाह्या मनगटापर्यंत आणायची आणि म्हणायची, बघ, बसतोय. मामा म्हणायचा, बसतोय की. मी मात्र खाचा बघायचे. नंतर नंतर त्या बघाव्याशा वाटेनात.

मामा गेला त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. चादर बदलायची होती म्हणून आम्ही दोघींनी त्याला कुशीवर वळवलं. मी पुढून त्याला धरलं होतं, मावशी त्याच्या पाठीमागे होती, जुनी चादर ओढून काढत. त्याला काहीच वजन नव्हतं. पाठीवरच्या उभ्या रेघा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, मधली एकही खाच उघडी राहिली नव्हती. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. मावशी त्याला दिसत नव्हती.

"ताई," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. "आता किती गं?"

मावशीचे हात चादरीवर थांबले. समोर त्याची पाठ होती, हातभर अंतरावर. मला आकडा माहीत नव्हता, पण तिला माहीत होता. पाठ दिसली आणि तिला आकडा कळला नाही असं कधी झालं नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोलू नकोस, एकदा तरी बोलू नकोस. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"एकशेवीस," मावशी म्हणाली.

 माझ्या हातांना त्याचे खांदे हलल्यासारखे वाटले. मी घाबरले, पण तो हसत होता.

"एकशेवीस?" तो म्हणाला. "मग तो पानांचा आणि साखळीचा बसला असता की मला. उगीच उसवलास."

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी अलगद.

"हो रे छोट्या," ती म्हणाली. "उगीचच उसवला."